शिकण्यासाठी मोबाइल: व्हॉट्सॲप, टेलिग्राम, यूट्यूब आणि स्वयम्, नागपूरच्या पदवी वर्गातून पाहिलेले

पदवीच्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवताना माझा चार सेवांशी रोजचा संबंध येतो. त्या म्हणजे व्हॉट्सॲप, टेलिग्राम, यूट्यूब आणि केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ ‘स्वयम्’. चारही सेवा विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर चालतात, चारही वापरायला पैसे पडत नाहीत, आणि चारही शिकण्यासाठी वापराव्यात असे शिक्षकांना बैठकांमधून वारंवार सांगितले जाते. यातील कोणत्या सेवेत किती सोयी आहेत याची जंत्री हवी असेल तर ती कुठेही मिळेल. मला पाहायचे आहे ते वेगळे: आमची मुले या सेवा शिकण्यासाठी मनापासून वापरायला केव्हा तयार होतात आणि केव्हा हात आखडता घेतात.

माझे मत आधीच सांगते. तयारी भरपूर आहे, आमच्या पिढीतल्या अनेकांना वाटते त्याहून खूपच जास्त आहे. पण ती पाहण्याची, साठवण्याची आणि एकट्याने विचारण्याची तयारी आहे. आपल्याला काय येत नाही हे वर्गासमोर उघडे पडणार असे दिसले की तीच मुलगी, जी रात्री अकरा वाजता तीन व्हिडिओ पाहून बसलेली असते, गप्प होते. म्हणून शिक्षकाने एखादी सेवा निवडताना तिच्यात किती सोयी आहेत हे नंतर पाहावे; विद्यार्थ्याचे न समजणे तिथे कुणाकुणाला दिसते, हे आधी पाहावे. या एका कसोटीवर चारही सेवा मी तपासल्या आहेत.

वर्ग कसा आहे ते थोडक्यात सांगायला हवे, कारण तयारीचा बराचसा भाग त्यावरच ठरतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची, आणि आज त्याचे कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचे आहे. शहरातल्या महाविद्यालयात एकाच बाकावर धरमपेठेतली मुलगी आणि उमरेड किंवा काटोलहून एसटीने येणारी मुलगी शेजारी बसतात. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांची संख्या मोठी असते, आणि पदवीला आल्यावर पुस्तक इंग्रजी, सूत्र इंग्रजी, प्रश्नपत्रिकाही बव्हंशी इंग्रजी असे एकदम समोर येते. मोबाइल जवळपास प्रत्येकाकडे असतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले, त्यानंतरच्या काळात शाळेत शिकलेली ही मुले आहेत. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा ॲपवर धडा पाहणे त्यांना शाळेतच माहीत झालेले असते. मात्र ‘मोबाइल आहे’ या दोन शब्दांत बरेच काही दडते. घरातला चांगला फोन भावाकडे आणि जुना बहिणीकडे, किंवा संध्याकाळी आई कामावरून आल्यावरच फोन हाती येणार, अशी घरे कामठी आणि हिंगण्याच्या वाटेवर पुष्कळ आहेत. दिवसाचा दीड जीबी संपला की मध्यरात्रीपर्यंत थांबायचे, आणि फोनची मेमरी भरली की सगळ्यात आधी अभ्यासाचे ॲप काढून टाकायचे, हा नेहमीचा व्यवहार आहे. अशा मुलीला ‘तुझी तंत्रज्ञान वापरण्याची इच्छा नाही’ असे म्हणणे अन्यायाचे होईल.

या प्रश्नावर संशोधनही बरेच जुने आहे. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकाराच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) दोनच गोष्टी मुख्य होत्या: वस्तू उपयोगी वाटते का, आणि वापरायला सोपी वाटते का. २००३ मध्ये वेंकटेश, मॉरिस, डेव्हिस आणि डेव्हिस यांनी त्यापुढे जाऊन चार घटक मांडले, त्यात उपयोगाची अपेक्षा आणि लागणारे श्रम यांच्याबरोबर आजूबाजूच्या माणसांचा प्रभाव आणि हाताशी असलेली साधने यांनाही जागा दिली. शिक्षकाच्या खुर्चीतून पाहताना मला यातला तिसरा घटक सर्वांत जास्त जाणवतो. मैत्रिणी वापरतात म्हणून एखादी मुलगी ॲप घेते, हे खरेच आहे. पण मैत्रिणी पाहत आहेत म्हणून तीच मुलगी त्या ॲपवर प्रश्न विचारत नाही, हेही तितकेच खरे आहे. आजूबाजूच्या माणसांचा प्रभाव असा दोन्ही दिशांनी काम करतो, आणि सेवांचे मूल्यमापन करताना ही दुसरी दिशा सहसा विसरली जाते.

व्हॉट्सॲपपासून सुरुवात करते, कारण मुलांनी तेच आधी स्वीकारले आहे. इथे काही शिकवावे लागत नाही, नवे खाते उघडावे लागत नाही, आणि थोड्या डेटातही संदेश पोहोचतो. २००९ मध्ये सुरू झालेली ही सेवा आता इतकी अंगवळणी पडली आहे की वर्गाचा ग्रुप नसणे हीच विचारण्याची गोष्ट होते. एका ग्रुपमध्ये १०२४ जण बसू शकतात आणि दोन जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते, म्हणजे आपल्या वर्गासाठी जागा कमी पडण्याचा प्रश्नच नाही. ‘मॅडम, ग्रुपवर पीडीएफ टाकून द्या ना’ हे वाक्य तास संपल्यावर हमखास ऐकू येते, आणि पीडीएफ टाकल्यावर काही मिनिटांत बहुतेकांनी ती पाहिल्याच्या निळ्या खुणा दिसतात.

पण त्याच मोठ्या ग्रुपवर ‘कुणाला काही शंका आहे का’ असे विचारून पाहावे. कुणीही बोलत नाही. दोन-तीन अंगठे, एक-दोन ‘नो मॅडम’, आणि शांतता. मग रात्री साडेदहाच्या सुमारास खासगीत संदेश येऊ लागतात, आणि ते वाचण्यासारखे असतात. एका विद्यार्थिनीने पाठवलेला आवाजी संदेश मला आठवतो. मागे पंख्याचा आवाज, मधेच कुणीतरी तिला जेवायला हाक मारते, आणि ती हळू आवाजात विचारते: ‘मॅडम, समष्टीचं प्रमाण विचलन काढताना आपण एन ने भागतो, मग नमुना घेतला की एन वजा एक कशाला? एक कमी केला त्यानं काय फरक पडते?’ समष्टी म्हणजे अभ्यासायचा सगळा समूह, नमुना म्हणजे त्यातून निवडलेले थोडे, एन म्हणजे त्यातल्या संख्या किती ते, आणि प्रमाण विचलन म्हणजे त्या संख्या सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचे माप. हा प्रश्न संख्याशास्त्रातला अगदी गाभ्याचा आहे. वर्गात मी तो अनेकदा विचारून पाहिला आहे, उत्तरादाखल कुणी मान वर केलेली नाही. मोबाइलच्या खासगी खिडकीत तो आपणहून आला, तोही स्वतःच्या बोलीत, पाठ केलेल्या इंग्रजी वाक्याची कुबडी न घेता.

मी तिची परवानगी घेऊन, नाव न घालता, तो प्रश्न माझ्या शब्दांत ग्रुपवर टाकला. आता प्रश्न कुणाचा हे कुणालाच माहीत नव्हते, त्यामुळे चुकीचे उत्तर देण्याचीही भीती थोडी कमी झाली असावी. उत्तरे येऊ लागली. त्यातले एक मला फार आवडले. एका मुलाने लिहिले की पाच विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी सांगितली आणि चार जणांचे गुण सांगितले तर पाचव्याचे गुण आपोआप ठरतात, त्याला मोकळीक उरत नाही. म्हणून सरासरी नमुन्यातूनच काढली असेल तर मोकळ्या संख्या एन वजा एकच राहतात. पुस्तकातली ‘स्वातंत्र्याची कोटी’ ही संकल्पना याहून सोप्या शब्दांत सांगणे मलाही कठीण गेले असते. त्या रात्री वर्गाच्या ग्रुपवर जे शिक्षण झाले ते व्हॉट्सॲपच्या कुठल्याही नव्या सोयीमुळे झालेले नव्हते. विचारणाऱ्याचे नाव झाकले गेले, तेवढ्यानेच ते झाले.

दुसरी एक गोष्ट व्हॉट्सॲपवर फार चांगली होते, आणि तिच्यासाठी मी या सेवेला मनापासून चांगले म्हणेन: हाताने सोडवलेल्या उदाहरणाचा फोटो. मुले वहीचे पान ट्यूबलाइटखाली धरून फोटो काढतात, निळ्या शाईतली पायरी-पायरी दिसते, आणि फोटोवरच बोटाने लाल रंगात गोल करता येतो. सहसंबंध गुणांक काढताना छेदातल्या वर्गमुळाचे चिन्ह एका पायरीवर सुटले होते; त्या जागी लाल गोल करून पाठवला, आणि दहा मिनिटांत दुरुस्त केलेले पान परत आले. गणिती चिन्हे मोबाइलवर टाइप करणे हा छळ आहे, आणि म्हणून संख्याशास्त्रासारख्या विषयात वहीचा फोटो हा संवादाचा सर्वांत मोकळा मार्ग ठरतो. हेच काम लहान गटात आणखी चांगले होते. पाच-सहा मैत्रिणींचा, शिक्षक नसलेला, मुलींनी स्वतः बनवलेला ग्रुप जवळजवळ प्रत्येक वर्गात असतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात खरा अभ्यास तिथेच चाललेला असतो. शिक्षकांनी त्या गटात शिरण्याचा आग्रह धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे आम्ही नसतो, म्हणूनच तिथे मुली बोलतात.

व्हॉट्सॲपच्या मर्यादा त्याच्या रचनेतच आहेत. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याचा मोबाइल क्रमांक इतर सर्वांना दिसतो. शंभरजणांच्या वर्गात, जिथे अर्धी मुले एकमेकांना ओळखतही नाहीत, तिथे मुलींच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. ग्रुपमध्ये यायला नकार देणाऱ्या विद्यार्थिनीला आळशी समजण्यापूर्वी शिक्षकाने याचा विचार करावा. कम्युनिटीच्या, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या सोयीच्या, घोषणा-ग्रुपमध्ये सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून मोठ्या वर्गासाठी तोच मार्ग योग्य आहे. वाहत्या संभाषणात महत्त्वाची फाइल वर जाऊन हरवते हीसुद्धा रचनेचीच अडचण. नेहमीच्या मतदानाच्या सोयीत कुणी कोणता पर्याय निवडला हे सर्वांना पाहता येते, त्यामुळे वर्गाची समज चाचपण्यासाठी ते फारसे उपयोगी नाही. पहिल्या दोघा हुशार मुलांनी जे निवडले त्याच पर्यायावर उरलेली मते जाऊन पडतात. शिवाय मुलांना आपले जग आणि शिक्षकांचे जग वेगळे ठेवायचे असते. आपले स्टेटस शिक्षकांना दिसू नये अशी सेटिंग बरीच मुले करून ठेवतात. त्यात मला काहीही गैर वाटत नाही. शिकण्यासाठी फोन वापरायला तयार होणे म्हणजे आपले घरचे, मित्रांचे आयुष्य शिक्षकापुढे मांडायला तयार होणे नव्हे.

टेलिग्राम या कसोटीवर बरेच पुढे आहे. २०१३ मध्ये आलेल्या या सेवेत आपला क्रमांक कुणाला दिसावा हे स्वतः ठरवता येते, ग्रुपमध्ये उशिरा आलेल्या विद्यार्थ्यालाही आधीचे सर्व साहित्य वाचता येते, आणि चॅनेलला सदस्यसंख्येची मर्यादा नाही. माझ्या दृष्टीने याची सर्वांत मोलाची सोय म्हणजे प्रश्नमंजूषा. चार पर्यायांचा प्रश्न टाकावा, मतदान निनावी ठेवावे, आणि बरोबर उत्तरासोबत दोन ओळींचे स्पष्टीकरण जोडावे. विद्यार्थ्याला आपले उत्तर चुकले हे लगेच कळते, ते का चुकले हेही कळते, आणि ते चुकल्याचे दुसऱ्या कुणालाही कळत नाही. मला मात्र वर्गातल्या किती टक्के मुलांनी कोणता चुकीचा पर्याय निवडला ते दिसते, आणि दुसऱ्या दिवशीचा तास कुठून सुरू करायचा हे त्यावरून ठरते. मध्य (सरासरी) आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या) यांच्यावर एका टोकाच्या संख्येचा काय परिणाम होतो, असा साधा प्रश्न टाकला की वर्गाची खरी स्थिती समोर येते. वर्गात हात वर करायला न धजणारी मुले इथे न चुकता भाग घेतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हा प्रकार आधीपासून सवयीचा असतो, त्यामुळे शिकवावे लागत नाही.

मग टेलिग्रामच का वापरू नये? कारण तिथे साहित्याचा जो साठा मुलांना ओढून नेतो, त्यातला मोठा भाग चोरीचा असतो. पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि विकत घेतलेल्या व्याख्यानांच्या नकला चॅनेलवर मोकळेपणाने फिरतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका शिकवणीच्या साहित्याची चोरी करणाऱ्या चॅनेलच्या चालकांची माहिती उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला होता, इतका हा प्रकार वाढला आहे. पदवीच्या स्तरावर मराठीत पुस्तके लिहिणारे प्राध्यापक मुळातच थोडे आहेत, आणि त्यांच्या पुस्तकाची पाचशे प्रतींची आवृत्ती खपायला वर्षे लागतात. त्या पुस्तकाची पीडीएफ एका रात्रीत सगळ्या विद्यापीठात पोहोचली तर पुढचे पुस्तक कोण लिहिणार? मुलांना हे समजावून सांगितले तर समजते, असा माझा अनुभव आहे. पण समजावून सांगायला हवे, आणि त्याचबरोबर ग्रंथालयात त्या पुस्तकाच्या पुरेशा प्रती ठेवायला हव्यात. दोनशे मुलांमागे चार प्रती ठेवून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे योग्य नाही. आपला स्वतःचा, फक्त वर्गापुरता, स्वतः तयार केलेल्या टिपणांचा चॅनेल असेल तर टेलिग्राम हे फार चांगले साधन आहे, एवढेच म्हणेन.

यूट्यूबबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण मुलांच्या तयारीचा तिथे प्रश्नच उद्भवत नाही. खापरीहून सीताबर्डीला येणाऱ्या मेट्रोत कानात एकच इअरफोन घालून, दीडपट वेगाने व्याख्यान पाहणारी मुले रोज दिसतात. न समजलेला भाग पुन्हा मागे नेऊन पाहायचा, समजलेला पुढे ढकलायचा, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागायची नाही, ही मोकळीक वर्गात मिळत नाही. कॉलेजच्या वायफायवर व्हिडिओ ॲपमध्येच उतरवून ठेवायचा आणि घरी डेटा न वापरता पाहायचा, हा उपायही मुलांनी स्वतःच शोधला आहे. अडचण आहे ती निवडीची. सूत्र कसे वापरायचे हे दाखवणारे व्हिडिओ असंख्य आहेत, ते सूत्र का आले हे सांगणारे थोडे आहेत, आणि पदवीच्या संख्याशास्त्रावर मराठीत नीट सांगणारे त्याहून थोडे. हिंदीतले मिळतात, आणि नागपूरच्या मुलांना हिंदी अडत नाही. तरीही मराठीत समजावून घेतल्यावर मुलांचे डोळे ज्या तऱ्हेने उजळतात ते मी पाहिले आहे. शिक्षकाने प्रकरणागणिक दोन-तीन व्हिडिओ स्वतः पाहून निवडून दिले, कितव्या मिनिटापासून पाहायचे तेही सांगितले, तर मुले ते पाहतात. वीस दुवे एकदम पाठवले तर कुणीच पाहत नाही.

आता ‘स्वयम्’. याच्याबद्दल मला सर्वांत जास्त आस्था आहे आणि म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ९ जुलै २०१७ रोजी हे व्यासपीठ सुरू झाले. प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: व्याख्यानाचे व्हिडिओ, वाचनाचे साहित्य, स्वतःला तपासण्याच्या चाचण्या आणि चर्चेची जागा. नाव नोंदवायला आणि शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. यातल्या एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या राष्ट्रीय उपक्रमाच्या अभ्यासक्रमांमागे आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक आहेत, आणि त्यांचे हे काम २००३ पासून चालत आले आहे. उमरेडच्या मुलीने घरी बसून आयआयटीच्या प्राध्यापकाकडून संभाव्यता शिकावी, तेही फुकट, ही काही वर्षांपूर्वी कल्पनेतही न येणारी गोष्ट आज खरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करून त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) घेण्याची मुभा विद्यापीठांना देता येते, २०१६ च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती.

एवढे सगळे असूनही मुलांना नुसते ‘स्वयम्वर जा’ असे सांगितले तर नोंदणी होते आणि तिसऱ्या आठवड्यापासून शुकशुकाट होतो. जगभरच्या खुल्या अभ्यासक्रमांचा अनुभव हाच आहे. नाव नोंदवणारे पुष्कळ, शेवटपर्यंत जाणारे मोजके. पण त्याचा अर्थ मुलांना शिकायचे नाही असा लावणे मला पटत नाही. इथे एकटेपणा फार आहे. आठ किंवा बारा आठवडे, रोजच्या तासांच्या वर, इंग्रजीत चालणारा अभ्यासक्रम, चर्चेच्या जागेवर देशभरातली अनोळखी मुले, आणि बाजूला बसून ‘मलाही नाही समजलं बे’ म्हणणारे कुणी नाही. व्हॉट्सॲपवर माणसे खूप आणि लाज खूप. ‘स्वयम्’वर लाज नाही, पण माणूसही नाही. माझ्या कसोटीवर हे व्यासपीठ पूर्ण गुण मिळवते, कारण चाचणीतले चुकलेले उत्तर कुणालाही दिसत नाही, आणि तरीही ते मुलांना धरून ठेवत नाही, याचे कारण मला तरी हेच दिसते.

म्हणून दोन्ही जोडून पाहिले, आणि जे पाहिले ते इतर शिक्षकांना उपयोगी पडावे असे वाटते. वर्गातल्या ज्यांना इच्छा आहे अशाच मुलांनी एकच अभ्यासक्रम निवडला, पाच-सहा जणांचे गट स्वतःच बनवले, आणि प्रत्येक गटाने आपला व्हॉट्सॲप ग्रुप केला. मी कुठल्याच गटात नव्हते. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला स्वाध्याय असतो आणि त्याला ठरलेली मुदत असते. अंतिम गुणांत या स्वाध्यायांचा वाटा २५ टक्के आणि परीक्षेचा ७५ टक्के. ही मुदत गटाला बांधून ठेवते. मुदतीच्या आदल्या दिवशी ग्रुपवर एकमेकांना आठवण करून दिली जाते, ज्याचा डेटा संपला आहे त्याला दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवरून व्हिडिओ उतरवून दिला जातो, आणि जे कुणालाच समजत नाही ते गटाच्या नावाने माझ्याकडे येते. गटाच्या नावाने विचारलेल्या प्रश्नात कुणा एकाचे अज्ञान नसते. जे मुलगे वर्गात तोंड उघडत नव्हते ते ‘आमच्या ग्रुपला हे नाही समजलं’ असे म्हणून भर तासात विचारू लागले. सगळे शेवटपर्यंत गेले असे नाही. काहींनी मधेच सोडले, त्यात ज्यांच्या घरी फोन वाटून वापरला जातो त्यांचे प्रमाण अधिक होते. त्यांच्यासाठी कॉलेजच्या संगणक-कक्षाची वेळ दुपारी वाढवून मिळाली तेव्हा त्यातली काही परतली. मेमध्ये पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा थंड खोली आणि वायफाय या दोन्हींचे आकर्षण सारखेच असते, आणि त्याचा फायदा अभ्यासाला झाला तर चांगलेच आहे.

भाषेचा अडसर मात्र खरा आहे. एनपीटीईएलच्या अनेक अभ्यासक्रमांची भाषांतरे भारतीय भाषांत उपलब्ध होत आहेत आणि त्यात मराठीही आहे, ही समाधानाची बाब आहे. तरी पदवीच्या मुलांना नेमका हवा तो अभ्यासक्रम मराठीत सापडेलच असे नाही. गटातल्या चर्चेचे एक मोठे काम इथेच होते. व्हिडिओ इंग्रजीत पाहायचा आणि त्यावर बोलायचे नागपुरी मराठीत, ही मुलांनी आपोआप घालून घेतलेली पद्धत आहे. ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ हा शब्द तसाच ठेवून त्याभोवतीचे सगळे स्पष्टीकरण आपल्या बोलीत होते, आणि संकल्पना पक्की बसते.

एका नव्या गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. जून २०२४ पासून भारतात व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआयला प्रश्न विचारता येतो, आणि त्याआधीपासून मुले चॅटजीपीटीचा वापर करतच होती. ज्या शंका पूर्वी रात्री साडेदहाला माझ्याकडे यायच्या त्यातल्या काही आता तिकडे जातात. मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण न लाजता विचारायला जागा मिळाली हे चांगलेच आहे. काळजी वाटते ती एवढ्याचीच की हे सहायक चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतात, आणि ज्याला मुळात शंका आहे त्याला ती चूक ओळखता येत नाही. तिथून मिळालेले उत्तर वहीत स्वतः सोडवून गटात टाका, एवढी एक अट मी घातली आहे, आणि मुले ती पाळतात.

तर निवड कशी करावी? मोठ्या वर्गाला सूचना देण्यासाठी व्हॉट्सॲपची कम्युनिटी, समज तपासण्यासाठी टेलिग्रामची निनावी प्रश्नमंजूषा, पहिल्यांदा समजून घेण्यासाठी निवडक यूट्यूब, आणि एखादा विषय मुळापासून शिकण्यासाठी ‘स्वयम्’, पण ते मुलांच्या स्वतःच्या लहान गटाच्या सोबतीने. एकच सेवा घ्यायची असेल तर मी ‘स्वयम्’ घेईन. वर्ग पहिल्या वर्षाचा असेल आणि मुले एकमेकांना ओळखत नसतील तर मात्र पहिले सत्र जाऊ द्यावे, गट जमू द्यावेत, आणि दुसऱ्या सत्रात नोंदणी करावी.

‘स्वयम्’ची सत्रे जानेवारी आणि जुलै अशी असतात. श्रेयांक हवे असतील तर आपल्या विद्यापीठाने कोणते अभ्यासक्रम मान्य केले आहेत ते नोंदणीपूर्वीच महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे, आणि डिजिलॉकरवरून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (मिळवलेले श्रेयांक जमा होतात ते) खाते आधीच उघडून ठेवावे. पहिल्यांदा करणाऱ्यांनी बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम न घेता चार किंवा आठ आठवड्यांचा घ्यावा. परीक्षेचे शुल्क भरण्याची मुदत स्वाध्याय चालू असतानाच येऊन जाते. गटातल्या एकाने ती तारीख ग्रुपवर पिन करून ठेवावी, आणि ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी महाविद्यालयाने विद्यार्थी कल्याण निधीतून तरतूद करावी, अशी माझी प्राचार्यांना विनंती आहे.